पायाळू बाळाचा खुबा : पट्टे आत्ताच लावायचे की थांबायचं?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ७ आठवड्यांची, पहिलंच बाळ. शेवटपर्यंत पायाळू राहिली म्हणून सिझेरियन करावं लागलं. लसीच्या वेळी डॉक्टरांनी मांड्या फाकवून पाहिल्या, तेव्हा डाव्या खुब्यात काहीतरी खट्कन सरकल्याचं त्यांच्या हाताला लागलं. सोनोग्राफीच्या कागदावर उजव्या बाजूचा अल्फा कोन ६३ अंश आणि डाव्या बाजूचा ४६ अंश आहे. हलवल्यावर डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत जागचा सरकतो, असंही लिहिलंय. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, लगेच पट्टे लावू, म्हणजे मांड्या दुमडून ठेवणारे कापडी पट्टे. ओळखीतले दुसरे डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांची झाली की एक्स-रे काढून ठरवू. आजींचं म्हणणं, रोज तेल लावून पाय ओढले आणि दोन-दोन लंगोट बांधले की खुबा आपोआप बसेल. शेवटी आईने लिहिलंय, 'तिला काहीच दुखत नाही, पाय छान झाडते, मग एवढी घाई कशाला?' जाता जाता आणखी एक माहिती दिली आहे. बाळाची आत्या लहानपणापासून लंगडते आणि तिला पोलिओ झाला होता, असं घरात सांगतात.

पट्टे लावा, आणि याच आठवड्यात लावा.

मी मुलीला हात लावून तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांचा. पण मुलगी असणं, पायाळू असणं, हाताला लागलेला खटका आणि ४६ अंशांचा कोन या चारही गोष्टी एकच सांगतायत. नुसत्या मांडीच्या वळ्या कमीजास्त असत्या, तर मी म्हटलं असतं, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. इथे थांबण्यात बाळाचा काही फायदा नाही, तोटा मात्र नक्की आहे.

'तिला दुखत नाही' हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी ते खरंच असतं. तान्ह्या बाळाचा निसटलेला खुबा दुखत नाही. बाळ रडत नाही, दूध सोडत नाही, पाय झाडायचं थांबत नाही. कान दुखला तर घरभर कळतं; खुबा वाटीबाहेर असला तर महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तो शोधावा लागतो. हाताने शोधावा लागतो, सोनोग्राफीने शोधावा लागतो, आणि ठरलेल्या वयात शोधावा लागतो. दुखणं येतं ते विशी-तिशीत, कूर्चा झिजल्यावर. तेव्हा आपल्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. नवजात बाळात गोळा संपूर्ण आणि वाटीचा बराचसा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक असतो. वाटीला खोली येते ती गोळा आत बसून फिरत राहिल्यामुळे. उकडीच्या मोदकाची पारी करताना अंगठा आत ठेवून बोटांनी कडा फिरवतो ना, तसंच. उकड गरम आहे तोवर पारी हवी तशी वळते. गार झाली की तीच उकड कडेला फुटते. गोळा वाटीबाहेर राहिला तर वाटी उथळच राहते, तिच्यात चरबी भरत जाते, आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि गोळाही हळूहळू चपटा होतो. जन्मानंतरचे पहिले काही महिने ही उकड गरम असते. सहा महिन्यांनी ती पूर्ण गार होते असं नाही, पण सातव्या आठवड्यात जे नुसत्या कापडी पट्ट्यांनी साधतं, त्यासाठी दोन वर्षांनी हाड कापावं लागतं.

आता पायाळूपणाबद्दल. आपल्याकडे पायाळू माणसाभोवती किती समजुती आहेत! त्याने लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण उतरते, त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, वीज कडाडली की त्याने बाहेर पडू नये. मी खेड्यात काम करताना हे सगळं ऐकलंय. पायाळू बाळाबद्दल एक गोष्ट मात्र खरी आहे आणि तीच कुणी सांगत नाही, ती म्हणजे त्याचा खुबा तपासून घ्यायला हवा. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ ढुंगणावर बसल्यासारखं राहिलं, पाय वर आणि गुडघे सरळ, की मांडीमागचे स्नायू गोळ्याला सतत वाटीबाहेर ओढत राहतात. सिझेरियन झालं म्हणून हा धोका संपत नाही. आठव्या महिन्यात पायाळू होतं आणि नंतर फिरलं, तरी ते धोक्याच्या यादीत राहतं. त्यात मुलगी असेल तर आईच्या शरीरातल्या, सांधेबंध सैल करणाऱ्या संप्रेरकांचा तिच्यावर परिणाम जास्त होतो असं मानतात. निसटलेल्या खुब्याच्या दर पाच बाळांत साधारण चार मुली असतात. पहिलं बाळ, गर्भाशयात पाणी कमी, घरात कुणाचा तरी खुबा निसटलेला, यांनीही धोका वाढतो. डावी बाजू जास्त सापडते, कारण पोटात बहुतेक बाळांची डावी मांडी आईच्या पाठीच्या कण्याकडे दाबलेली असते.

डॉक्टरांच्या हाताला जे लागलं, त्या तपासण्या दोन. इटलीतल्या फेरारा शहरातले बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की मांडी वर दुमडून हळूच बाहेर फाकवली की बाहेर असलेला गोळा वाटीत परत शिरताना हाताला ठोका जाणवतो. इंग्लंडमधल्या सॅलफर्डचे अस्थिरोगतज्ज्ञ बार्लो यांनी १९६२ मध्ये उलटी बाजू मांडली. मांडी आत आणून मागे हलकासा दाब दिला की सैल गोळा बाहेर निसटतो. दोन्ही तपासण्या बोटांच्या टोकांनी करायच्या असतात, बाळ शांत असताना, एका वेळी एकच खुबा. रडणाऱ्या, आखडलेल्या बाळावर केलेली तपासणी न केल्यासारखीच. मी नवशिक्या डॉक्टरांना नेहमी सांगते, आईला आधी दूध पाजू दे, मग हात लाव. आणखी एक फरक ध्यानात ठेवायचा. बोटं मोडल्यासारखा बारीक 'टिक्' आवाज बऱ्याच बाळांत येतो, तो स्नायूबंधांचा असतो आणि निरुपद्रवी असतो. खरा खटका कानाला ऐकू येण्यापेक्षा हाताला लागतो. ड्रॉवर रुळावरून घसरून परत बसावा, तसा.

जन्माच्या पहिल्या दिवशी सैल लागलेला प्रत्येक खुबा बिघडलेला नसतो. बार्लो यांनीच नोंदवलंय की अशा खुब्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या आठवड्यातच घट्ट होतात आणि दोन महिन्यांपर्यंत उरलेल्यांपैकीही बहुतेक सावरतात. म्हणून पहिल्या दिवशी नुसत्या सैलपणासाठी मी घाई करत नाही. सहा आठवड्यांची सोनोग्राफी ठरवते. खुबा पूर्ण निसटलेलाच असेल, तर मात्र जन्मानंतर लगेच काम सुरू करायचं. तुमच्या मुलीला आपोआप सावरायला जी मुदत द्यायची असते ती मिळून गेली आहे आणि खुबा सैलच आहे.

सोनोग्राफीचा कागद कसा वाचायचा ते सांगते, कारण पुढचे दोन-तीन महिने तो तुमच्या हातात राहणार आहे. ऑस्ट्रियातले अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ट ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत आणली. अल्फा कोन वाटीच्या हाडाच्या छताचा उतार सांगतो. ६० किंवा त्याहून जास्त असेल तर वाटी तयार झालेली आहे, म्हणजे उजवी बाजू उत्तम. ५० ते ५९ हा तीन महिन्यांच्या आतल्या बाळात अपुऱ्या वाढीचा टप्पा असू शकतो. तिथे गोळा स्थिर असेल, तर मी पट्टे न लावता चार-सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करते. अशा बाळांना उगाच पट्टे लावलेलेही मी पाहिलेत आणि तेही मला पटत नाही. ४३ ते ४९ म्हणजे गोळा निसटायच्या उंबरठ्यावर आहे. ४३ च्या खाली वाटीचं छत फारच तोकडं असतं आणि गोळा बहुधा बाहेर गेलेला असतो. तुमचे ४६ अंश आणि त्यात हलवल्यावर सरकणं, म्हणजे उंबरठ्यावर उभा असलेला गोळा बाहेर पाऊल टाकतोय.

यात एक मेख आहे. सोनोग्राफीचा फोटो ठरलेल्या एकाच पातळीत घेतला नाही, तर कोन चुकीचा येतो. कमरेच्या हाडाची रेघ सरळ दिसली पाहिजे, वाटीचा तळ दिसला पाहिजे आणि वाटीच्या कडेची मऊ किनार दिसली पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी दिसत नसेल, तर त्या फोटोवर कोन मोजण्यात अर्थ नाही. म्हणून नुसता कागद नेऊ नका, फोटोही मागून घ्या. 'दोन्ही खुबे नॉर्मल' एवढंच लिहिलेल्या, कोन नसलेल्या कागदावर मी विसंबत नाही. पोटाची सोनोग्राफी उत्तम करणाऱ्या प्रत्येकाला बाळाच्या खुब्याची सवय असेलच असं नाही, त्यामुळे 'तुमच्याकडे हे नेहमी होतं का' असं फोनवर आधीच विचारायला संकोच करू नका.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढू म्हणणाऱ्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच असणार. एक्स-रे लवकर काढून उपयोग नसतो हे त्यांचं बरोबर आहे. गोळ्यातलं हाड चार ते सहा महिन्यांत दिसू लागतं, त्याआधी एक्स-रेत गोळ्याच्या जागी नुसती पोकळी दिसते. पण एक्स-रेसाठी थांबायचा सल्ला सोनोग्राफी नव्हती त्या काळातला. आज सहाव्या आठवड्यात वाटी डोळ्यांनी दिसते, हाताला सैलपणा लागतोय, आणि पट्ट्यांना सर्वांत चांगलं यश पहिल्या तीन-चार महिन्यांत मिळतं. सहा महिन्यांचं बाळ लोळायला लागलेलं असतं, अंगाने दांडगं झालेलं असतं, ते पट्ट्यांत राहत नाही. म्हणजे एक्स-रेची वाट बघता बघता सोप्या उपचाराचं वय निघून जातं.

आता पट्ट्यांबद्दल सविस्तर, कारण घरातलं खरं काम तेच. हे पट्टे चेक अस्थिरोगतज्ज्ञ आर्नोल्ड पाव्हलिक यांनी १९४० च्या दशकात तयार केले. त्यांच्याआधी बाळांना मांड्या जोराने फाकवून कडक प्लास्टरमध्ये ठेवायचे आणि त्यात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो सुकायचा. पाव्हलिक यांचं म्हणणं असं की बाळाला पाय हलवू द्या, फक्त चुकीच्या दिशेला जाऊ देऊ नका, खुबा आपला आपण बसेल. छातीभोवती एक पट्टा, खांद्यांवरून दोन, आणि पायांत मोज्यांसारख्या दोन कापडी पायऱ्या. पुढचे पट्टे मांडी पोटाकडे ९० ते १०० अंशांत दुमडून ठेवतात. मागचे पट्टे मांड्या एकमेकींकडे येऊ देत नाहीत, पण त्यांनी मांड्या ओढून फाकवायच्या नसतात. मागचे पट्टे ताणून बांधले तर रक्तवाहिन्यांवर दाब येतो. म्हणून घरी पट्टे स्वतःहून घट्ट किंवा सैल करू नका. तुमच्या डॉक्टरांनी पेनाने खूण केली नसेल, तर करून मागा.

सुरुवातीला हे पट्टे जवळजवळ चोवीस तास असतात. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. आपल्याकडे बाळाच्या न्हाणीशिवाय दिवस पुरा होत नाही, त्यामुळे हेच घरातल्यांना सर्वांत जड जातं. दर आठवड्याला दवाखान्यात पट्टे तपासायला आणाल, तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली तर तिथेच अंग पुसून घ्या. पट्ट्यांखाली पातळ सुती झबलं, लंगोट किंवा डायपर पट्ट्यांच्या आतून, आणि वरून पुढे बंदांचं सैल झबलं. आपलं जुनं बंदांचं झबलं या कामाला कुठल्याही महागड्या कपड्यापेक्षा बरं. गुडघ्यामागच्या घड्या आणि जांघा रोज उघडून बघा आणि कोरड्या ठेवा. पायांना तेल लावू नका, तेल आणि पट्टा एकत्र आले की कातडी सोलवटते. डोक्याला, हातांना, छातीला खुशाल लावा. झोपवायचं पाठीवर. पाजताना मांड्या तुमच्या पोटाभोवती उघड्या राहतील असं धरायचं. आडवं धरून दोन्ही पाय एकत्र दाबायचे नाहीत.

एक खूण रोज बघायची. बाळ गुडघा सरळ करून लाथ मारतंय ना? पट्टे फार दुमडलेल्या अवस्थेत बसले तर मांडीच्या पुढच्या बाजूच्या नसेवर दाब येतो आणि ती लाथ थांबते. असं दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा. वेळेत सैल केलं की नस बहुतेक वेळा पूर्ण सावरते.

एक-दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करून गोळा वाटीत आहे ना ते बघायचं. तीन-चार आठवड्यांत गोळा बसलाच नाही, तर पट्टे काढायचे. हे मी आवर्जून लिहिते आहे. 'अजून एक महिना ठेवून बघू' असं म्हणत बाहेरच्या गोळ्यावर पट्टे चालू ठेवले, तर गोळा वाटीच्या मागच्या कडेवर घासत राहतो, ती कडच मोडते आणि पुढचा उपचार आणखी अवघड होतो. तुमच्या मुलीसारखा उंबरठ्यावरचा खुबा असेल, तर पट्ट्यांनी काम होण्याची शक्यता खूप चांगली आहे, दहापैकी नऊच्या आसपास. एकूण सहा ते बारा आठवडे धरून चाला, अल्फा कोन ६० च्या वर जाईपर्यंत.

आता आजींचे दोन उपाय. मी आजींच्या विरोधात कधीच बोलत नाही. बाळंतिणीला आणि बाळाला सांभाळणारं माणूस घरात असणं मोठी गोष्ट आहे. पण पाय ओढणं आजपासून बंद. मालिश करणाऱ्या बाईंनाही समजावून सांगा. दोन्ही पाय सरळ करून जुळवून ताणणं, घोट्यांना धरून बाळाला उलटं टांगणं, पाय लांब व्हावेत म्हणून खेचणं, यात सैल गोळा नेमका नको त्या दिशेने ओढला जातो. तसंच दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ गुंडाळायची पद्धत होती. १९७० च्या दशकात तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी घराघरांत ती सोडवण्याची मोहीम काढली आणि शेकडा एकाहून जास्त असलेलं निसटलेल्या खुब्यांचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास आलं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त दुपटं सैल. पट्टे निघाल्यावर दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही. हात आणि छाती गुंडाळा, कमरेखाली पिशवीसारखं मोकळं ठेवा. पुढे मान धरली की आपली कडेवर घ्यायची पद्धत खुब्यासाठी फार चांगली. आजींना हे जरूर सांगा. कडेवरचं मूल मांड्या फाकवून, दुमडून बसतं, म्हणजे पट्टे जे करतात तेच.

दोन लंगोटांनी मात्र काही होत नाही. ते गोळ्याला जागेवर धरत नाहीत, नुसता दिलासा देतात, आणि त्या दिलाशात महिने जातात. दोन-दोन लंगोटांवर वर्ष काढून माझ्याकडे आलेली मुलं मी मोजायची सोडून दिली आहेत.

हे वाचणाऱ्यांत मोठ्या मुलांचे आईवडीलही असतील, त्यांच्यासाठी थोडं. तीन महिन्यांनंतर ठोका हाताला लागत नाही, कारण स्नायू आखडलेले असतात. तेव्हा बघायचं ते मांडी किती फाकते. बाळाला पाठीवर झोपवून दोन्ही मांड्या दुमडून बाहेर न्यायच्या. डायपर घालताना एक पाय अडतो असं आईला वाटलं, तर ते खरं मानायचं. दोन्ही गुडघे दुमडून शेजारी शेजारी धरले आणि एक खाली दिसला, तर त्या बाजूची मांडी आखूड झालेली असू शकते. मांडीच्या वळ्या एकट्या फारसं काही सांगत नाहीत, कितीतरी निरोगी बाळांत त्या वेगळ्या असतात. चालायला लागलेलं मूल एका बाजूला झुकत चाललं, एकाच पायाच्या चवड्यावर उभं राहिलं, तर एक्स-रे हवाच. अशी मुलं चालायला फार उशीर करत नाहीत, आणि 'चालतंय ना वेळेवर' या समाधानात निदान निसटतं.

सर्वांत फसवा असतो दोन्हीकडचा खुबा. दोन्ही पाय सारखेच आखूड, दोन्ही मांड्या सारख्याच अडलेल्या, तुलना करायला चांगली बाजूच नाही. माझ्या कामाच्या दुसऱ्या वर्षी मी असं एक बाळ हातातून सोडलं. पाच महिन्यांची मुलगी होती. मी दोन्ही मांड्या फाकवल्या, दोन्ही सारख्या फाकल्या आणि मी आईला म्हटलं, सगळं ठीक आहे. सारख्या फाकल्या होत्या, पण पुरेशा फाकल्या नव्हत्या. दीड वर्षांनी ती कंबर आत वळवून, पोट पुढे काढून, बदकासारखी डुलत माझ्या खोलीत आली तेव्हा मला दारातच कळलं. दोन्ही खुब्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. आज ती चांगली चालते, पण त्या दीड वर्षाची भरपाई मी करू शकत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक बाळात आणखी एक गोष्ट करते. मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर एक बोट, कमरेच्या पुढच्या टोकावर दुसरं, आणि दोन्हींना जोडणारी रेघ मनात पुढे वाढवायची. ती बेंबीकडे किंवा तिच्या वर गेली तर ठीक, बेंबीच्या खाली गेली तर गोळा वर सरकलेला आहे. इथे दुसऱ्या बाजूशी तुलना लागत नाही.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत सापडलं तर पूर्ण भूल देऊन, सांध्यात औषध सोडून एक्स-रेवर बघत गोळा हळुवार बसवतात, जांघेतला आखडलेला स्नायूबंध लहानशा छेदातून सोडवतात आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. साधारण तीन महिने, मध्ये एकदा भूल देऊन बदलून. वाटीत चरबी भरलेली असेल किंवा वाटीची कड आत मुडपलेली असेल, तर गोळा बसतच नाही. तेव्हा उघडून आतला अडथळा काढावा लागतो. दीड-दोन वर्षांनंतर नुसता गोळा बसवून भागत नाही, वाटीचं हाड कापून छत खाली वळवावं लागतं. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५७ मध्ये पहिल्यांदा केलेली शस्त्रक्रिया आजही याच कामासाठी होते. तीन वर्षांच्या पुढे मांडीचं हाडही थोडं आखूड करावं लागतं, नाहीतर बसवलेल्या गोळ्यावर आखडलेल्या स्नायूंचा दाब येऊन तो सुकतो. या शस्त्रक्रिया चांगल्या होतात, मी आयुष्यभर त्याच करत आले आहे. पण माझ्या हातून झालेल्या सर्वांत चांगल्या शस्त्रक्रियेपेक्षा सातव्या आठवड्यात पट्ट्यांनी बसलेला खुबा जास्त चांगला असतो.

प्लास्टरमधल्या मुलांच्या आयांसाठी एकच सूचना, कारण हे दवाखान्यात सांगायचं राहून जातं. लहान डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचा आणि त्यावरून मोठा डायपर बांधा, म्हणजे प्लास्टर ओलं होत नाही. रात्रीही दोन-तीन तासांनी बदला. उन्हाळ्यात आतून वेगळा, कुजकट वास आला तर दाखवायला आणा.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी वाट आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा आजार 'डेव्हलपमेंटल डिस्प्लेसिया ऑफ द हिप' या नावाने आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला सांगा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेट जा. आणि घरात कुठलंही बाळ असो, पायाळू असो वा नसो, ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीला गेल्यावर 'खुबे बघता का' एवढं विचारा. सुई टोचायच्या आधी विचारा, कारण नंतर बाळ रडतं आणि तपासणी होत नाही.

तुमच्या मुलीचे पट्टे निघाले, कोन ६० च्या वर गेला, तरी काम संपलं असं नाही. सहा महिन्यांची झाली की एक एक्स-रे, चालायला लागल्यावर दुसरा, आणि पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून. काही वाट्या सुरुवातीला छान खोलावतात आणि नंतर त्यांची वाढ मंदावते. लक्ष असेल तर ते वेळीच सापडतं. मुलगी चालेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. चालेल, पळेल, फुगडीही घालेल.

शेवटचं, आत्याबद्दल. पोलिओच्या पायात ताकद नसते, तो पाय सहसा बारीक राहतो आणि बहुतेक वेळा एखाद्या तापानंतर पांगळा झाल्याची आठवण घरात असते. त्यांच्या पायात ताकद असेल, ताप कुणाला आठवत नसेल आणि चालताना कंबर एका बाजूला खाली जात असेल, तर तो लहानपणी निसटलेला आणि कुणी न शोधलेला खुबा असू शकतो. पोलिओचा शिक्का बसलेले असे खुबे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या वयात गोळा परत बसवता येणार नाही, पण दुखत असेल तर त्यावर करण्यासारखं आहे. आणि तसं निघालं तर तुमच्या पुढच्या बाळासाठी, त्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी ही घराण्यातली नोंद ठरेल. बाळाला पट्टे लावायला जाल त्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या आणि दोन्ही खुब्यांचा एक एक्स-रे काढून घ्या.